पाहुणीची फांदी

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! होडीतून उतरताना एक चप्पल चिखलात रुतली ती कायमची गेली, आणि माझं या जंगलातलं पहिलं पाऊल अनवाणी पडलं. ठोंब्या काठावर उभा राहून खो खो हसत होता. इतक्या दिवसांनी बहीण दिसते आहे, हात द्यायचा सोडून हसतोय मेला! मग दिला हात, माझी पेटी खांद्यावर घेतली आणि तिथेच मला घट्ट मिठी मारली. वाळलाय. दाढी वाढवली आहे, ती त्याला अजिबात शोभत नाही, तसं लगेच सांगून टाकलं.

केंद्र म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी खोल्यांची ओळ, पुढे लांबलचक व्हरांडा, वर पत्रा. माझ्या खोलीत खाट, मच्छरदाणी, खिडकीला जाळी आणि कामासाठी एक भक्कम टेबल. टेबल बघून जीव भांड्यात पडला. बाकी काहीही चालेल, पण डगमगतं टेबल मला चालत नाही. पक्ष्याचा पाय बसवताना हात हलला की दिवस वाया.

माणसं थोडकीच. केंद्राचे साहेब, पिकलेल्या मिशांचे, मोजकं बोलणारे. आचारी, जो साहेबांच्या वाटचंही बोलतो. आणि आमचा ठोंब्या, पक्ष्यांचे आवाज टिपणारा. कानांवर हेडफोन, हातात काठीला बांधलेला माईक, दिवसभर जंगलात. होडीवाला आठवड्याला सामान आणतो. आता त्यात मी एक. मी पक्षी बनवते. संग्रहालयात काचेमागे बसलेले असतात ना, तसले. इथल्या एका नाचऱ्या पक्ष्याच्या अभ्यासासाठी साहेबांना त्याची एक खोटी मादी हवी आहे, ती करून द्यायची आणि जाताना ठोंब्याला घरी घेऊन जायचं. या दुसऱ्या भागाचं अजून कोणाला बोललेली नाही. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, माझ्या कडेवर बसून जेवायचा. पुरे झालं आता त्याचं जंगल.

६ फेब्रुवारी

आज ठोंब्याने आखाडा दाखवला, म्हणजे त्या पक्ष्यांची नाचायची जागा.

आत शिरलं की ऊन संपतं. वर झाडांची छपरं एकावर एक, त्यामुळे भरदुपारी दिवेलागणीसारखा उजेड. पाऊस थांबला तरी पानं ठिबकत राहतात. ओढ्याकाठी वेलींच्या गर्दीत एक आडवी फांदी आहे, बोटाएवढी जाड. तिच्या आजूबाजूची पानं खुडून टाकलेली, खालची जमीन कोणी केरसुणी फिरवल्यासारखी स्वच्छ. हे सगळं एक मुठीएवढा पक्षी करतो म्हणे. मी म्हटलं, तुझ्या खोलीतही बोलाव त्याला एकदा.

केंद्रावर त्याला जोडनाच्या म्हणतात. नर काळा कुळकुळीत, पाठ निळी, डोक्यावर लालभडक टोपी. मादी बिचारी हिरवट, पान समजून सोडून द्यावी अशी. गंमत म्हणजे हा नर एकटा नाचत नाही, दोघे मिळून एकीला रिझवतात. मोठा तो वस्ताद, धाकटा तो चेला आणि मादी ती पाहुणी, ही इथली नावं. वस्ताद एक शीळ घालतो, चेला लगोलग दुसरी जोडतो, आणि ऐकणाऱ्याला ती एकाच गळ्यातली वाटते. पाहुणी फांदीवर येऊन बसली की तिच्यासमोर दोघांच्या उड्या सुरू. पुढचा उडून हवेतल्या हवेत मागे जातो, मागचा पुढे सरकतो, की तोही उडतो. रहाटगाडगं नुसतं. आणि एवढं करून चेल्याच्या हाती काय? काही नाही! पाहुणी वस्तादाची. चेला वर्षानुवर्षं नाचत राहतो, वस्ताद मेला तर त्याची पाळी. मी म्हटलं, ही तर हुबेहूब तुझी नोकरी. साहेब मागेच उभे होते. त्यांच्याही मिशा हलल्या.

११ फेब्रुवारी

पाहुणी तयार होते आहे. कातडं साहेबांच्या जुन्या संग्रहातलं, पिसं शाबूत. पण आतल्या गाभ्यासाठी आणलेल्या तागाला पेटीतच बुरशी धरली, हात लावला की पीठ! या दमट हवेने माझा पार अंत पाहिला आहे. कापूस ओल धरतो, काथ्या फार राठ. शेवटी म्हटलं, पक्षी केवढा, गाभा केवढा. फणीला आलेलं गुंतवळ मी टाकत नाही, डबीत ठेवते. तेच वळून वळून गच्च गोळा केला आणि तारेवर बसवला. छान बसला. केस ना कुजत, ना ओल धरत. स्वतःवरच खूश होऊन आचाऱ्याकडून दोन कप कॉफी उकळली.

१६ फेब्रुवारी

काल पाहुणी फांदीवर बसवली. पानांनी झाकलेला एक आडोसा आहे, जेमतेम दोन माणसांचा, त्यात मी आणि ठोंब्या. वस्ताद आला, चेला आला, तिला बघून दोघे असे नाचले की ठोंब्याने आनंदाने माझा दंड पिळून काढला. साहेब म्हणाले की इतकी जिवंत मादी त्यांनी कधी पाहिली नाही. मी तरंगतच होते.

आज जाऊन बघतो तर तिचं पोट फाडलेलं. पिसं खाली, तार वाकलेली, आणि आतले केस नाहीत. सगळे काढून नेले. ठोंब्याने दाखवलं मग: फांदीला गुंडाळले होते, एकसारखे, रिळावर दोरा भरावा तसे. साहेब म्हणाले, असं हा पक्षी करत नाही. मला कष्टांचं वाईट वाटलं.

२० फेब्रुवारी

नवी पाहुणी अजून टेबलावरच आहे. तरी आज नाच झाला. फांदी रिकामी, आणि ते दोघे आडोशाकडे तोंड करून नाचले. मी डावीकडे सरकले, तेही सरकले. मी बाहेर आले तर उडून जायला हवे होते; उलट नाच वाढला. ठोंब्या लोळायचा बाकी होता. ताईला स्थळ आलं, ताईला स्थळ आलं! जेवताना आचाऱ्याला सांगितलं, तो गंभीरपणे म्हणाला की मुलगा लहान आहे पण कामसू दिसतो. चाळिशी ओलांडली तरी लोकांना माझ्या लग्नाचीच काळजी. मीही हसले, पण पुन्हा आडोशात जावंसं वाटत नाही.

२५ फेब्रुवारी

साहेबांच्या आग्रहाखातर गेले. आज खरी पाहुणी आली आणि पहिल्यांदा सगळा सोहळा शेवटपर्यंत पाहिला. ती फांदीवर बसून राहिली, उठली नाही. उड्या इतक्या जलद की दोन पक्षी आहेत हेच कळेना. मग वस्तादाने एक शीळ घातली, एकच, तीक्ष्ण, सुईसारखी. त्याबरोबर चेला थांबला आणि चालता झाला. काम संपलं, घरी जा, असा तो हुकूम असतो, हे ठोंब्याने समजावलं. पाहुणी बसून राहिली तरच तो मिळतो. ती मध्येच उठली तर पुन्हा पहिल्यापासून.

पण आजचा चेला नवशिका असावा. थोडं जाऊन परत फिरला. वस्तादाने पाहुणीला सोडलं आणि त्याला टोचून टोचून ठार मारलं. आमच्यासमोर. एवढ्याशा पक्ष्यात एवढा राग कुठून येतो?

२८ फेब्रुवारी

वस्ताद एकटा बसून हाका मारतो आहे. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. एक शीळ, मग चेल्याच्या शिळेएवढी जागा, मग पुन्हा एक शीळ. ती मधली रिकामी जागा कानाला खुपते. जिना उतरताना पायरी नसावी तसं होतं.

ठोंब्याला ते बघवेना. असा हाका मारत राहिला तर दाणापाणी सोडून मरेल, नाहीतर आखाडा सोडून जाईल आणि वर्षाचं काम बुडेल, असं त्याचं म्हणणं. पोरगा रात्रंदिवस हेच आवाज ऐकतो, चेल्याची शीळ त्याला हुबेहूब येते. आज त्याने ती रिकामी जागा भरली. वस्तादाने घातली की लगोलग ठोंब्याने. इतकं बेमालूम जुळलं की मीच टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर जंगलात बराच वेळ काहीच वाजलं नाही. किडासुद्धा नाही.

३ मार्च

आखाडा रिकामा आहे. वस्ताद तिथे नाही. शीळ मात्र येते, ओढ्याच्या वरच्या अंगाने, लांबून, आणि ती आता बारीक राहिलेली नाही. साहेब म्हणतात, दरीत आवाज घुमतो म्हणून जाड वाटतो. असेल. व्हरांड्याच्या फळ्या तिने थरथरतात हे मी पायाला जाणवून सांगते आहे.

ठोंब्या उत्तर देतो. जेवताना घास तोंडात असला तरी देतो. दटावलं तेव्हा म्हणाला की त्याला कळलंच नाही.

७ मार्च

ठोंब्याला वर दुसरा आखाडा सापडला. मला ओढतच घेऊन गेला. तशीच वेलींची गर्दी, तशीच झाडून काढलेली जमीन. पण आमच्या व्हरांड्याएवढी. मधोमध आडवी फांदी, माझ्या मांडीएवढी जाड, बाकाच्या उंचीवर. साल पार गेलेली, लाकूड झिजून चकचकीत. मधे थोडा खोलगट भाग, माणूस बसून बसून पडावा तसा.

फांदीला केस गुंडाळलेले. माझे. त्या टीचभर गोळ्यातले नव्हेत, खूप. खोलीत येऊन बघितलं तर डबी रिकामी. उशीवर एक केस नाही, फणीत नाही. म्हणजे माझ्या खोलीत कोणीतरी येऊन जातं.

ठोंब्याचे डोळे लकाकत होते. एवढा मोठा जोडनाच्या जगात कोणी पाहिलेला नाही, ताई, म्हणाला. मी सांगितलं, येत्या होडीने आपण दोघे घरी जायचं. सरळ सांगितलं, आढेवेढे घेतले नाहीत. तो हो म्हणाला. लगेच हो म्हणाला, आणि त्याच दमात शीळ घातली.

१० मार्च

पहाटे उठून जातो. परत येतो तेव्हा गुडघे सोललेले, तळहातांना चिरा, टाचांतून रक्त. विचारलं तर पडलो म्हणतो. आज व्हरांड्यात उकिडवा बसला होता, बसल्या जागेवरून वर उडाला आणि एक हात मागे उतरला. मग पुन्हा. चेहऱ्यावर काहीच नाही. मी कानाखाली वाजवली, आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा कुठे माझ्याकडे बघितलं, आणि भूक लागली म्हणाला. ताटातलं काही खाल्लं नाही. जंगलातली लाल फळं खिशात होती, ती गिळली, न चावता.

साहेबांना सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. वायरलेसपाशी बसले, पण त्यातून नुसती खरखर.

१३ मार्च

होडी आली. गेलीही.

ठोंब्याला साहेब, आचारी, होडीवाला आणि मी, सगळ्यांनी धरून नेलं. अर्ध्या वाटेपर्यंत कोकरासारखा आला. पाण्याशी पोचलो आणि वरून शीळ आली. त्याने साहेबांचा हात असा पिळला की हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या भावाने! लहानपणी मुंगी मेली तरी रडायचा तो. आमच्या हातून सुटला आणि झाडीत गेला.

मोडलेल्या हाताने साहेबांना ताप भरला होता, त्यांना नेणं भाग होतं. आचारी सोबत गेला. त्यांनी मलाही चल म्हणून हातापाया पडून सांगितलं. माणसं आणि डॉक्टर घेऊन परत येतो, म्हणाले. चांगली माणसं आहेत, खोटं बोलणार नाहीत. पण मी त्याला इथे टाकून होडीत कशी बसू? कशी?

१५ मार्च

पाऊस कोसळतो आहे. नदी पायऱ्यांपर्यंत आली. होडी येणं शक्य नाही.

ठोंब्या आला नाही. शिळा येतात, दोन, एकाला लागून एक. दुसरी त्याची. त्याचा आवाज बसलाय.

१६ मार्च

गेले वर. पाहिलं.

नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. रिकाम्या फांदीसमोर ठोंब्या उकिडवा बसला होता, अंगावर चिंध्या. त्याच्या शेजारी सावलीत दुसरं काहीतरी. काळं. माझ्यापेक्षा उंच. पाठीवर निळं चकाकलं, एवढंच दिसलं, आणि मला पुढे बघवलं नाही. मी झाडाआडून बाहेर आले मात्र, नाच सुरू झाला. ठोंब्या उडतो, मागे पडतो, ते पुढे सरकतं, उडतं. पुन्हा ठोंब्या. पायाची नखं गेली आहेत त्याची. मी ओरडले, त्याचं नाव घेतलं, आईची शपथ घातली. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला मी दिसत नव्हते. मी जवळ जावं तसा नाच जोरात. माझ्या डोळ्यांदेखत त्याचा गुडघा लचकला, तरी उडाला.

मग पळाले. वळणावरून मागे बघितलं. मी नजरेआड झाले तशी दोघं थांबलेली. निश्चल. फांदीकडे तोंड करून वाट बघत.

म्हणजे मी गेले तर तो उपाशी वाट बघत मरणार आणि थांबले तर नाचून मरणार. देवा, काय करू मी? कोणाला विचारू?

१७ मार्च

दोरी घेऊन गेले होते. त्याच्या कमरेला बांधून खेचलं, पडला, फरपटत आणला ओढ्यापर्यंत. ते दुसरं आडवं आलं नाही. नुसती शीळ घातली. ठोंब्याने दोरी दाताने तोडली. एक दात दोरीत अडकून राहिला.

केस कापले सगळे. मुळापासून. नदीत टाकले.

१८ मार्च

केस फांदीवर आहेत.

१९ मार्च

बनवते आहे. मला एवढंच येतं. काथ्या, तारा, गादीचा कापूस, सगळं. माझा झगा घातला, माझी चप्पल, माझ्या मापाचे खांदे. चेहरा मेणाचा केला, आरशात बघून. नाक चांगलं उतरलं. आईसारखं दिसतं. काखेतला घाम लावला, बोट कापून रक्तही लावलं. होईल. पहिली खरी वाटली होती ना त्यांना, ही पण वाटेल. ही बसून राहील, उठणार नाही, शीळ होईल आणि माझा ठोंब्या सुटेल. होईल. होऊ दे.

२० मार्च

नाही झालं.

तीन-चार उड्या, मग ते थांबलं. पुढे आलं. चोच पोटात घातली, काथ्या ओढला, हुंगला. मेणाचा चेहरा उचलून माझ्याकडे फेकला, मी लपले होते तिथे, बरोबर तिथे.

ठोंब्या त्या वेळात बसून होता. धाप. फासळ्या मोजता येतात. त्याच्या ओठांना फेस —

मी त्याला पाणी दिलं. ओंजळीतून. प्यायला. माझ्या अंगठ्याला तोंड लावून प्यायला, तान्हा असल्यासारखा. मग शीळ आली आणि मान काढून घेतली.

२१ मार्च

नदी तशीच. कोणी नाही.

तो आणखी एक दिवस काढणार नाही. मी आजारी माणसं पाहिली आहेत, मला कळतं.

एकच वाट आहे. पाहुणी बसून राहिली तर चेला सुटतो. बसून राहायचं, उठायचं नाही. एवढंच.

मला नाही बसायचं. लिहूनच ठेवते, मला नाही बसायचं. मी काही मोठी शूर बाई नाही, घरी पालीला घाबरते. मला घरी जायचंय. माझ्या खोलीत, माझ्या टेबलापाशी. ठोंब्याने दाढी काढलेली मला बघायची आहे.

खाली ओढ्याच्या काठाने कपडे फाडून चिंध्या बांधत आले, त्याला वाट कळावी म्हणून. व्हरांड्यात भात झाकून ठेवला आहे. औषधं शेजारी. नदी उतरली की होडी येईल.

२२ मार्च

बसले.

लाकूड गुळगुळीत. कोमट. तो खोलगट भाग माझ्या मापाचा आहे.

वही गुडघ्यावर. मान वर करत नाही — लिहीत राहिले तरच बसवतं. लिहीत राहायचं. काहीही.

आले. डावीकडे ठोंब्या, त्याचे पाय ओळखते. उजवीकडे — नखं. काळी. जमीन दाबली जाते.

पहिली उडी. वारा तोंडावर. ओल्या पिसांचा वास.

ठोंब्या. ते. ठोंब्या. ते. ठोंब्याचं रक्त वहीवर पडलं. उठायचं नाही. उठायचं नाही गं बाई. पाय माझे आपोआप — घट्ट धरलंय फांदीला.

वेग वाढतोय. आता कोण कुठला कळत नाही — नुसतं काळं — दोघांचा श्वास एकच —

थांबलं.

शीळ. एकच. सुई.

ठोंब्या खाली बसला. स्वतःच्या हातांकडे बघतोय. रडतोय, आवाज न करता. माझा ठोंब्या परत आला! डोळ्यांत तोच आहे, तोच. जा बाळा. चिंध्या दिसतात ना, त्या वाटेने जा. उठला. लंगडतोय. वळला, चालायला लागला. जातोय. जातोय! शहाणा माझा —

ते समोर आलं. फांदी खाली गेली. बघत नाही मी. उष्ण आहे. कानापाशी —

बसले आहे. बसले आहे मी. त्याला जाऊ दे लांब.

पावलं थांबली.

नको. मागे नको बघू रे. चाल. चाल ना राजा —

बघितलं त्याने. ताई म्हणाला. फाटक्या आवाजात, ताई —

येतोय. परत येतोय, धावतोय, त्या पायांनी — हातात फांदी घेतली आहे, मला सोडवायला — मागे फिर, मूर्खा, मागे —

त्याने मान फिरवली. माझ्यावरून. ठोंब्याकडे.

इकडे बघ, इकडे, मी उठले नाही, बघ, बसलेली आहे मी, मी तुझी आहे, माझ्याकडे बघ, त्याला नको, तो लहान आहे, त्याला काही कळत नाही, त्याला —